खडकातलं सोनं निघतं किती आणि हरवतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवापूरजवळ मिरचीच्या शेतात विहीर खणताना पांढऱ्या गारगोटीची शिरा लागली आणि तिच्यात पिवळं काहीतरी चमकतंय. दुसरीकडे चुलतभाऊ टांझानियात गेइटा भागात नोकरीला आहे. तिथल्या एका स्थानिक परवानाधारकाबरोबर दगड दळून सोनं काढायचं छोटं युनिट टाकायचा त्याचा विचार आहे, हॅमर मिलही (फिरत्या हातोड्यांनी दगड दळणारं यंत्र) बघून ठेवली आहे. पारा न वापरता सोनं निघेल का, किती निघेल आणि घरच्या दगडाचं काय करायचं, असं विचारलंय.

शेताचं आधी उरकतो, कारण त्याचं उत्तर लहान आहे आणि तुम्हाला आवडणार नाही. सातबारा तुमचा असला तरी खालचं खनिज तुमचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ वाचा: खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा. त्यावर १९५७ चा खाण आणि खनिज कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून सोन्यासारख्या खनिजाचा खाणपट्टा लिलावातूनच मिळतो आणि परवान्याशिवाय खणलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एका शेतकऱ्याने एका शिरेसाठी काढावा असा छोटा परवाना आपल्याकडे सोन्याला नाही. विहिरीतून निघालेले चार दगड ओळखून घ्यायला मात्र कोणी अडवत नाही. तुम्ही तर नागपूर जिल्ह्यातच आहात. भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालय नागपुरात, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा हिंगण्याला. दगडासाठी एवढं जवळ माहेर बाकी कोणाला नाही, बाप्पा.

आणि हो, नागपूर-भंडाऱ्यातल्या साकोली पट्ट्याच्या जुन्या खडकांत सोन्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तुमच्या शंकेला मी हसत नाही. पण चमकतंय ते बहुतेक माक्षिक (पायराइट, लोखंड-गंधकाचं पिवळं खनिज) असणार, नाहीतर अभ्रक. घरीच बघा. चमकणाऱ्या कणावर सुई दाबा. सोनं दबतं, चपटं होतं. माक्षिकाचा चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. बिनझिलईच्या टाइलच्या मागच्या बाजूवर कण घासा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते, माक्षिकाची काळी-हिरवट. आणखी एक खूण म्हणजे दगड उन्हात फिरवून बघा. माक्षिक एका कोनात झळकतं आणि पुढच्या कोनात काळं पडतं. सोनं सावलीतही पिवळंच राहतं. सराफाकडे पळण्याआधी एवढं केलंत तरी पेट्रोल वाचेल.

आता चुलतभावाचं. तिथे छोट्या खाणकामाचा प्राथमिक परवाना फक्त टांझानियाच्या नागरिकाला मिळतो, तेव्हा परवाना भागीदाराच्याच नावाचा राहणार. हा करार त्याने तिथल्या वकिलाकडून बघून घ्यावा. २०१९ पासून तिथे सोनं सरकारी खनिज बाजारातच विकायचं असतं. हे दोन्ही गृहीत धरून पुढचं लिहितो.

माझी बहुतेक नोकरी खनिज प्रक्रियेत गेली. सुरुवात कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत झाली, नंतरची वर्षं नागपुरात इतर खनिजांच्या प्रयोगशाळेत. मला लोक कायम विचारतात, कोणतं मशीन घेऊ. तुमच्या भावानेही तेच केलं, दगड कळायच्या आधी मिल निवडली. मशीन सोनं काढत नाही. मशीन दगड बारीक करतं. सोनं तेवढ्यात कुठेतरी निघून जातं आणि ते कुठे गेलं हे ज्याने मोजलं त्यालाच मिळतं. पुढे लिहितोय ते सगळं या मोजण्याबद्दलच आहे.

एक हिशेब करून दाखवतो. समजा ओरमध्ये, म्हणजे सोनं असलेल्या दगडात, टनाला ५ ग्रॅम सोनं आहे. छोट्या माणसासाठी हा वाईट दगड नाही. एक टन गारगोटी म्हणजे साधारण ७२ सेंटीमीटर बाजूचा घन ठोकळा, आणि त्यातलं सगळं सोनं एकत्र केलं तर मोठ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढं. किलोमागे ५ मिलिग्रॅम. हे सोनं ०.१ मिलिमीटरच्या कणांत विखुरलेलं असेल तर किलोत साधारण २६० कण असतील. पण कण अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर? एक कण २.४ मिलिग्रॅमचा, म्हणजे किलोत फक्त दोन. आता तुम्ही अर्धा किलो दगड उचलून लॅबला दिलात. त्यात दोन्ही कण आले तर रिपोर्ट येईल टनाला १० ग्रॅम, एकही आला नाही तर शून्य. दोन्ही रिपोर्ट लॅबच्या दृष्टीने बरोबर आणि तुमच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी. सोन्यात पैसा बुडतो तो बहुतेक इथेच, मिलमध्ये नाही.

म्हणून नमुना घेताना चमकणारे तुकडे वेचायचे नाहीत. शिरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सारख्या रुंदीची, सारख्या खोलीची खाच छिन्नीने काढायची, खाली ताडपत्री पसरून सगळा चुरा गोळा करायचा. असं शिरेच्या लांबीवर दर दोन-तीन मीटरवर. प्रत्येक नमुना पाच-दहा किलोचा तरी हवा. तो गव्हाच्या दाण्याएवढा फोडून, ढीग करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे; परत ढीग, परत चार भाग. धान्याच्या बाजारात नमुना काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. लॅबला मुशीतली परीक्षा सांगायची, जिच्यात शिशाच्या भस्मासोबत दगड वितळवून शिशात सोनं ओढून घेतात. स्वस्तातल्या हातात धरायच्या एक्स-रे यंत्रावर या पातळीच्या सोन्यासाठी विसंबू नका. शेजारच्या धातूंच्या रेषा त्याला फसवतात.

माझी एक चूक सांगतो. तरुणपणी एका नमुन्याचा निकाल टनाला चाळीस ग्रॅमच्या वर आला. दोन दिवस मी ढगात होतो. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "खल कोणी धुतला होता?" आदल्या दिवशी त्याच लोखंडी खलात दिसणारं सोनं असलेला तुकडा कुटला होता. सोनं मऊ, ते खलाच्या तळाला चिकटून बसतं आणि पुढच्या गरीब दगडाला श्रीमंत करतं. तेव्हापासून दोन नमुन्यांच्या मधे एक मूठ वांझ गारगोटी कुटून टाकायची सवय लागली.

लॅबच्या आधी एक गोष्ट भावाने स्वतः करावी. दोन किलो दगड लोखंडी खलबत्त्यात ओला करून कुटायचा, २० मेशच्या (इंचाला २० भोकांच्या) चाळणीतून काढायचा, पॅनमध्ये, म्हणजे उथळ परातीत, धुवायचा आणि काय दिसतं ते लिहून ठेवायचं. मग उरलेली वाळू अजून बारीक, ६० मेशपर्यंत कुटून परत धुवायची. मग १५० मेश. प्रत्येक पायरीला नवीन किती सोनं सुटलं ते बघा. पहिल्याच फेरीत बहुतेक आलं तर देवाची कृपा, जाडसर दळून काम होईल. शेवटच्या फेरीतच येत असेल तर खर्चाचं दळण आहे. आणि लॅब ६ ग्रॅम म्हणतेय पण पॅनमध्ये काहीच दिसत नाही, उलट माक्षिक भरपूर आहे, कुटताना लसणासारखा वास येतोय, तर सोनं माक्षिकात किंवा आर्सेनिकच्या खनिजात अडकलंय. असा दगड छोट्या माणसाने सोडून द्यावा. तो भाजला तर मोकळा होतो हे खरं, पण धुरातून आर्सेनिकचं भस्म बाहेर पडतं. गावाच्या वाऱ्यावर ते सोडायचं नसतं.

पॅन धुणं म्हणजे सुपात पाखडण्याचा पाण्यातला प्रकार. आपल्याकडे सोनझारी लोक नदीच्या वाळूत लाकडी परातीने हेच करत आले, आणि शहरातले झारेकरी सराफांच्या दुकानांपुढची माती धुऊन. हाताचा हिसका त्यांच्यासारखा यायला महिना जातो. तोवर पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब टाका. बारीक सोन्याला तेलाचा हात लागला असेल तर ते पाण्यावर तरंगून निघून जातं, आणि मिलचं ग्रीस सगळीकडे असतंच.

मिलबद्दल. हॅमर मिल दोन कारणांनी मला नको वाटते. गारगोटी लोखंडापेक्षा कठीण, त्यामुळे हातोडे झिजतात आणि तो लोखंडी चुरा सोन्याबरोबर जड म्हणून खाली बसतो. दुसरं कारण म्हणजे धूळ. कोरडी गारगोटी दळली की श्वासात जाणारी सिलिका उडते. फुप्फुसात ती राहून जाते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कोलारच्या खाणींतल्या किती घरांनी हे भोगलंय. रुमाल बांधून काही होत नाही. पाणी सोडून ओलं दळायचं हाच उपाय, आणि हॅमर मिलच घेतली असेल तर तिच्यात पाण्याचा पाइप पहिल्या दिवसापासून.

जुन्या सोन्याच्या गिरण्यांत दगड कुटायचे ते स्टॅम्प मिलने. बघायची असेल तर मिरची कांडपाचं यंत्र बघा, तीच कल्पना. मूसळ वर उचलायचं, सोडून द्यायचं. (घरचं कांडप वापरायचा मोह होईल. नको. पुढच्या वर्षीच्या तिखटात दात पडतील.) दुसरी एक जात म्हणजे गोल चरात जड चाकं फिरवणारी गिरणी, आपल्या चुन्याच्या घाणीची बहीण. बैल काढून मोटर लावली, एवढाच फरक. आफ्रिकेत अनेक ठिकाणी ती चालते; दुरुस्ती गावातल्या वेल्डरला जमते आणि सोनं चरातच बसतं. पण छोटी बॉल मिल, म्हणजे लोखंडी गोळे भरलेलं फिरतं पिंप, मिळत असेल तर मी तीच घेईन.

बॉल मिल हळू फिरली तर गोळे नुसते घरंगळतात, जोरात फिरली तर भिंतीला चिकटून फिरत राहतात. ४२.३ ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागा, तो चिकटण्याचा वेग. त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर चालवायचं. ९० सेंटीमीटरची मिल असेल तर मिनिटाला साधारण ३१ ते ३३ फेरे. गोळे पोकळीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. आत दगड-पाण्याचा काला दह्याहून थोडा पातळ, वजनाने दोन तृतीयांश दगड. मीटर नसला तरी कान पुरतो. खडखड टणटण आवाज आला तर मिलमध्ये दगड कमी आहे, गोळे पत्र्यावर आपटतायत. आवाज घोगरा, दबका झाला तर पोट भरलंय. मी शिकलो तो मिस्त्री दुपारी जेवताना पाठ करून बसायचा आणि घास तोंडात असतानाच ओरडायचा, "फीड बंद पडला." बघितल्याशिवाय. कधीच चुकला नाही.

आता मुख्य चोर. मिलमधून बाहेर पडणारं सोनं जाड असेल तर ते लगेच पकडायचं, परत मिलमध्ये पाठवायचं नाही. दगड फुटतो, सोनं फुटत नाही. ते चपटं होत जातं, पापडासारखं, आणि पापड पाण्यावर पोहतो. म्हणून मिलच्या तोंडाशीच छोटा स्लूस (उतरती पन्हाळ) किंवा सापळा ठेवायचा. स्लूसला फुटामागे साधारण एक इंच उतार, तळाला जाड लोकरी कार्पेट किंवा कॉर्डरॉय, वरून पाण्याचा पातळ थर. पाणी जास्त सोडलं की काम भरभर दिसतं आणि सोनंही भरभर जातं. कार्पेटची वीण भरली की ते काही धरत नाही. संध्याकाळी एकदाच धुतात ते लोक दुपारनंतरचं सोनं नाल्याला देतात. तासा-दोन तासाला धुवा.

कार्पेटवरचा माल शेकिंग टेबलवर नेला की दृश्य बघण्यासारखं असतं. आर्थर विल्फ्ली याने १८९० च्या दशकात बनवलेल्या टेबलाचीच ही सगळी नातवंडं. हलत्या फळीवर पांढरी वाळू खाली घसरते, काळी वाळू मधे पट्टा धरते आणि तिच्याही वरच्या कडेला, अगदी केसाएवढी, पिवळी रेघ येते. रेघ दिसली की सगळे जण टेबलाभोवती गोळा होतात आणि मिलकडे कोणी बघत नाही. टेबलाला एकाच जाडीचा माल द्या, आधी चाळून, आणि लोखंडी चुरा चुंबकाने काढून. ४०-५० मायक्रॉनच्या खालचं सोनं त्याच्या हाताला लागत नाही.

मग किती मिळेल? गुरुत्वाने, म्हणजे फक्त वजनाच्या जोरावर, मोकळं सोनं असलेल्या दगडात निम्म्याच्या आसपास मिळालं तरी चांगलं चाललंय म्हणायचं; दगड कृपाळू असेल तर जास्त. पण हा आकडा माझ्याकडून घेऊ नका, टेलिंगकडून घ्या. टेलिंग म्हणजे टाकून द्यायचा गाळ. दर पंधरा मिनिटांनी पाइपच्या तोंडाखाली एक वाटी धरायची, दिवसभराच्या वाट्या एका बादलीत, ती वाळवून नमुना. आत ६ ग्रॅम गेलं, टेलिंगमध्ये २.४ सापडलं, म्हणजे साठ टक्के तुमच्याकडे राहिलं. इथे बहुतेक लोक थांबतात. खरी माहिती पुढच्या पायरीत आहे. तो टेलिंगचा नमुना ६० आणि १५० मेशच्या चाळण्यांतून काढा आणि तिन्ही भाग वेगळे तपासा. सोनं वरच्या जाड भागात असेल तर ते अजून दगडाच्या पोटात आहे, अजून बारीक दळा. सगळ्यात बारीक भागात असेल तर उलट, जास्त दळलंय, किंवा सोनं मुळातच इतकं बारीक आहे, किंवा पाणी जोरात आहे. मधल्या भागात मोकळे, दिसणारे कण असतील तर दोष स्लूसचा आणि माणसाचा. तीन आकड्यांत कळतं की पैसा मिलवर घालायचा, पाण्यावर घालायचा की कशावरच नाही. आणि टेलिंग पावसात वाहू देऊ नका, बांध घालून ठेवा. कोलारला २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली, तरी तिथल्या टेलिंगच्या टेकड्यांतल्या सोन्याचा विषय अजून मिटलेला नाही.

पाऱ्याचं स्पष्ट सांगतो. पारा सोनं पकडतो, यात वाद नाही, आणि स्वस्त आहे म्हणूनच तो जात नाही. पण दगड दळतानाच मिलमध्ये पारा ओतला की त्याचा चुरा होतो आणि तो सोन्याचा काही भाग घेऊन टेलिंगमध्ये जातो. म्हणजे तुम्ही पाराही हरवता आणि सोनंही. उरलेला सोनं-पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळला की वाफ जाळणाऱ्याच्या आणि शेजारी चूल फुंकणाऱ्या बाईच्या छातीत. पाण्यात गेलेला पारा माशांत साठतो. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये जो आजार ओळखला गेला त्याच्या मागे हेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाप्रमाणे माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्यात सगळ्यात मोठा वाटा, एक तृतीयांशाहून जास्त, छोट्या सोनेखाणींचा आहे. आणि ज्या गाळात पारा आहे त्यावर नंतर सायनाइड चालवणं तर सगळ्यात वाईट. सायनाइडची युक्ती १८८७ पासून माहीत आहे, मोठ्या कारखान्यांत ती नीट चालते, पण त्यात चुन्याने पीएच १०.५ च्या वर राखावा लागतो. खाली घसरला की विषारी वायू सुटतो. रुमानियात बाया मारे इथे जानेवारी २००० मध्ये बांध फुटला आणि विष टिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेलं. चार माणसांच्या युनिटने यात पडू नये.

पाऱ्याऐवजी टाकणखार. फिलिपिन्समध्ये बेंगेट भागातले खाणवाले कित्येक वर्षं असंच करतात. टेबलवरून आलेला माल परत परत पॅनमध्ये धुऊन अगदी मूठभर, जड, पिवळा दिसणारा करायचा. त्यात तेवढाच टाकणखार, मुशीत घालून भट्टीत. एक गैरसमज सगळीकडे आहे की टाकणखाराने सोनं लवकर वितळतं. सोनं १०६४ अंशांनाच वितळतं. टाकणखार वितळवतो ती भोवतालची माती आणि लोखंडाचा गंज. त्याची काच होते, सोनं त्या काचेतून खाली उतरून एका मण्यात गोळा होतं. माल काळ्या वाळूने किंवा माक्षिकाने भरलेला असेल तर काच घट्ट होते आणि सोन्याचे बारीक दाणे तिच्यात लटकून राहतात. मला हे पुस्तकात कळलं नव्हतं. इतवारीच्या सराफ्यात एका गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं गाळणाऱ्याकडे, कळलं. मूळचे विटा-खानापूरकडचे, गलाईच्या धंद्यात सांगली जिल्ह्याची माणसं देशभर भेटतात. मी दिलेली काच त्यांनी फेकली नाही. खलात कुटली, वाटीत धुतली, आणि तळाला सहा-सात पिवळे दाणे मोहरीसारखे. "साहेब, मूस थंड होती तुमची," एवढंच म्हणाले. तापमान कमी पडलं होतं आणि मी मात्र दगडाला दोष देत होतो.

तेव्हा तुमच्या भावाला एवढं सांगा की मिलचा सौदा महिनाभर थांबवावा. खाचेतले सात-आठ नमुने, तीन चाळण्यांची खलबत्त्यातली चाचणी, आणि शेजारच्या कोणाच्या युनिटवर एक टन दळून त्याच्या टेलिंगचे तीन आकडे. दगड नागपूरला पाठवू नये, परवानगीची कटकट आहे. गेइटाच्या बाजूला परीक्षा करणाऱ्या लॅब आहेत. आकडे मात्र पाठवा, कोणत्या चाळणीवर किती ते लिहून. आणि तुमच्या विहिरीतला दगड हिंगण्याला नेण्याआधी त्या टाइलवरच्या रेघेचा रंग कळवा.